ओढ्याकाठचा तंबू

(शहरात नळ उघडला की पाणी येते. ते कोठून आले आणि आपल्यानंतर कोणाकडे जाणार, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मालेगावच्या एका उर्दू शाळेतील मुले भंडारदऱ्याच्या डोंगरात शिबिरासाठी गेली. तेथे त्यांच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीने त्यांना काय शिकवले, ते या पाठात एका विद्यार्थ्याने सांगितले आहे.)

जानेवारीचा महिना होता. एके दिवशी मराठीचे सर वर्गात आले. आमच्या स्काऊट पथकाचे प्रमुखही तेच होते. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला – ‘भंडारदरा’. मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, “मुलांनो, पुढच्या आठवड्यात आपले शिबिर येथे भरणार आहे. दोन रात्री तंबूत राहायचे. स्वयंपाक आपणच करायचा. भांडीही आपणच घासायची. दुसऱ्या दिवशी रतनगड चढायचा. कोण कोण येणार?”

चोवीस हात वर झाले.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. सरांनी सामानाचा एक सोपा नियम सांगितला, “जेवढे सामान पाठीवर घेऊन तुम्ही एक तास चालू शकाल, तेवढेच आणा.” दोन कांबळी, एक ताट, एक पेला, पाण्याची बाटली, विजेरी आणि गरम कपडे अशी यादी झाली. माझा मित्र सलीम याने विचारले, “सर, गाणी ऐकायला स्पीकर आणू का?”

सर हसून म्हणाले, “स्पीकर घरीच ठेव. जंगलाला स्वतःचा आवाज असतो. तो ऐकायला तर आपण चाललो आहोत.”

आम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघालो. नाशिक मागे पडले. घोटीला गाडी बदलली आणि डोंगराळ प्रदेश सुरू झाला. बारी नावाचे गाव आले, तेव्हा सरांनी खिडकीतून एक उंच शिखर दाखवले. “ते पाहा कळसूबाईचे शिखर! उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही.” शिखराचे टोक निळ्या आकाशात स्पष्ट दिसत होते. आम्ही माना उंच करून पाहतच राहिलो.

शेंडी गावी आम्ही एस.टी.तून उतरलो. येथेच प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण आहे. तेथून दोन जीपगाड्यांनी आम्ही रतनवाडीकडे निघालो. वाटेत वन विभागाच्या नाक्यावर सरांनी नावे नोंदवली व प्रवेशशुल्क भरले. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रस्ता जलाशयाच्या कडेने वळणे घेत जात होता. एका बाजूला निळे पाणी, दुसऱ्या बाजूला दाट झाडी. जांभूळ, आंबा, हिरडा, बेहडा अशी झाडे सर ओळखून दाखवत होते. उतारावर कारवीची उंच झुडपे होती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, हे ऐकून आम्हांला मोठे नवल वाटले.

रतनगडाच्या पायथ्याशी एका लहान वस्तीजवळ आमचे शिबिर होते. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याने आपली भाताची खाचरे आम्हांला राहण्यासाठी दिली होती. भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास झाली होती, त्यामुळे खाचरे मोकळी होती. खाचरांच्या खालच्या बाजूने एक ओढा वाहत होता. मागे जंगल, त्यामागे गड आणि दूर खाली जलाशयाचे पाणी चमकत होते. सर त्या शेतकऱ्यांना ‘बाबा’ म्हणत. आम्ही त्यांना ‘आजोबा’ म्हणू लागलो.

तंबू कोठे लावायचा, यावरून पहिला वाद झाला. सलीमने ओढ्याच्या पात्रातली एक सपाट जागा निवडली. तो म्हणाला, “येथे बारीक वाळू आहे, आणि पाणीही जवळ आहे.”

आजोबा म्हणाले, “पोरा, ही पाण्याची वाट आहे. वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी तुला सांगून येणार नाही. शिवाय रात्री जनावरं इथंच पाणी प्यायला येतात. त्यांची वाट आपण अडवू नये.”

मग फारुकने एका मोठ्या झाडाखालची जागा दाखवली. आजोबांनी वर बोट केले. झाडाची एक जाड फांदी वाळून गेली होती. वारा सुटला तर ती खाली पडली असती. शेवटी ओढ्यापासून बरेच दूर, वरच्या खाचरात आम्ही तंबू ठोकले. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला तंबूची पाठ केली. मेखा जमिनीत तिरप्या ठोकल्या, म्हणजे दोर ताणला तरी त्या उपटत नाहीत. “थंडी वरून येते त्यापेक्षा जास्त खालून येते,” असे म्हणून आजोबांनी आम्हांला भाताचा पेंढा दिला. तो आम्ही तंबूत पसरला आणि त्यावर कांबळी अंथरली.

रात्री भात आणि डाळ शिजवली. भात थोडा करपला होता, पण एक शीतही उरले नाही. जेवणानंतर सरांनी सगळ्या विजेऱ्या बंद करायला सांगितल्या. क्षणभर काहीच दिसेना. मग हळूहळू आकाश ताऱ्यांनी भरून गेले. एवढे तारे मी मालेगावात कधीच पाहिले नव्हते. सरांनी मृग नक्षत्र दाखवले. त्याच्या खाली व्याधाचा तारा सर्वांत तेजस्वी दिसत होता.

तंबूत आडवा झालो, पण मला झोप येईना. आमच्या मोहल्ल्यात रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट चालू असते. माझे अब्बा त्या मागांवर काम करतात. तो आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. येथे तो आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकू लागलो. रातकिडे किरकिर करत होते. दूर कोठेतरी घुबड घुमत होते. आणि त्या सगळ्यांच्या मागे ओढ्याचे पाणी दगडांवरून खळखळत होते. ते ऐकता ऐकता माझा डोळा लागला.

सकाळी कडाक्याची थंडी होती. जलाशयावर धुके पसरले होते. न्याहारी झाल्यावर भांडी घासण्याची पाळी माझी, सलीमची आणि फारुकची होती. गडावर निघायची घाई होती. रात्रीच्या पातेल्याला करपलेला भात चिकटला होता. आम्ही सगळी भांडी घेऊन ओढ्यात उतरलो. सलीमने साबणाची पूड आणली होती. ती आम्ही मुठीमुठीने टाकली आणि भांडी खसाखसा घासली. भांडी चकचकीत झाली. पांढरा फेस पाण्याबरोबर वाहत खाली गेला. आम्हांला त्याची गंमतच वाटली. “कोणाच्या फेसाची होडी पुढे जाते, पाहू,” असे म्हणून आम्ही काठाकाठाने थोडे खाली धावलोही.

एका वळणावर आम्ही थबकलो. ओढ्याच्या काठाला वाळूत एक खड्डा खणलेला होता. त्याला येथे डवरा म्हणतात. त्यात वाळूतून झिरपून पाणी साचते. डवऱ्याजवळ नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. ती करवंटीने थोडे थोडे पाणी घेऊन कळशीत भरत होती. कळशी जवळजवळ भरली होती. ओढ्याचे पाणी डवऱ्याच्या काठावरून आत शिरत होते आणि त्याबरोबर आमचा फेसही आत जात होता.

तिने फेसाकडे पाहिले. मग आमच्या हातांतल्या भांड्यांकडे पाहिले.

“दादा, वर तुम्ही भांडी घासली का?” तिने विचारले.

“हो,” मी हळूच म्हणालो.

“मग हे पाणी आता प्यायला चालायचं नाही.”

ती रागावली नाही. रडलीही नाही. तिने कळशी उचलली, तिरपी केली आणि सगळे पाणी वाळूत ओतून दिले. करवंटीने एवढी कळशी भरायला तिला किती वेळ लागला असेल! ती रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती पलीकडच्या टेकडीकडे चालू लागली.

आम्ही मान खाली घालून शिबिरात परतलो. झालेली गोष्ट सरांना सांगावी की नाही, असा प्रश्न पडला. फारुक म्हणाला, “एवढ्याशा साबणाने काय होते? फेस तर वाहून जाईल.” पण माझ्या डोळ्यांसमोरून ती ओतलेली कळशी हलेना. मी सरांना सगळे सांगितले.

सर काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आजोबांना विचारले, “बाबा, खालच्या वाडीत किती घरे आहेत?”

“नऊ.”

“आणि टेकडीपलीकडचा झरा किती दूर आहे?”

“जायला-यायला तासभर तरी लागतो.”

सर आमच्याकडे वळले. गडावर जाण्यासाठी सगळी मुले बूट घालून तयार उभी होती. सर म्हणाले, “मुलांनो, आज आपल्यामुळे नऊ घरांचे पाणी खराब झाले आहे. ते पाणी भरून दिल्याशिवाय आपण गडावर जाऊ शकत नाही. चूक तिघांची आहे, पण पथक एकच आहे.”

कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी पाठीवरच्या पिशव्या खाली ठेवल्या.

आजोबांबरोबर आम्ही वाडीवर गेलो. बायकांनी आधी आम्हांला नको म्हटले. “तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही कशाला पाणी वाहता?” असे त्या म्हणाल्या. सरांनी त्यांना समजावले. मग त्यांनी आम्हांला हंडे दिले आणि डोक्यावर चुंबळ कशी ठेवायची ते दाखवले.

झऱ्याकडे जाताना रिकामे हंडे वाजवत आम्ही मजेत गेलो. येताना कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे आम्ही विज्ञानात शिकलो होतो. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर घेतल्यावर तो धडा मला खऱ्या अर्थाने समजला. मान अवघडली. पाय लटपटू लागले. पाणी हिंदकळून माझा शर्ट भिजला. पुढे ती लहान मुलगी कळशी घेऊन चालत होती. तिच्या कळशीतले थेंबभर पाणीही सांडत नव्हते.

दोन खेपा झाल्या, तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. इकडे आजोबांनी डवऱ्यातले सगळे पाणी उपसून टाकले होते. तळाची वाळू काढून ती त्यांनी दूर नेऊन टाकली. “आता संध्याकाळपर्यंत नवं पाणी झिरपेल,” ते म्हणाले, “ते पण एकदा उपसू. मग उद्यापासून डवरा चांगला.” हे ऐकून आमचा जीव भांड्यात पडला.

गड चढायला आता वेळ उरला नव्हता. सुमारे १३०० मीटर उंचीच्या त्या गडाच्या माथ्यावर खडकात एक मोठे आरपार छिद्र आहे. त्याला ‘नेढे’ म्हणतात. सुईच्या नेढ्यासारखे ते दिसते, म्हणून त्याला हे नाव पडले. त्या नेढ्यात बसून वारा अंगावर घेण्याचे स्वप्न आम्ही आठवडाभर पाहिले होते. ते नेढे आम्हांला खालूनच पाहावे लागले. काही मुले आमच्यावर नाराज झाली. ते साहजिकच होते.

दुपारी सरांनी आम्हांला भांडी घासण्याची योग्य रीत शिकवली. चुलीतली राख आणि थोडी माती घेऊन भांडी घासायची. पाणी बादलीत भरून ओढ्यापासून निदान सत्तर पावले दूर न्यायचे. खरकटे पाणी एका खड्ड्यात ओतायचे. ते जमिनीतून हळूहळू मुरते आणि माती त्याला बरेचसे गाळून घेते. शौचासाठीही पाण्यापासून तेवढेच दूर जायचे, वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर तो मातीने बुजवायचा. “साबण ओढ्यात गेला की तो नुसता वाहून जात नाही,” सर म्हणाले. “पाण्यातल्या बारीक किड्यांना, माशांना, खेकड्यांना तो बाधतो. आपण येथे दोन दिवसांचे पाहुणे आहोत. ते येथे कायमचे राहतात.”

संध्याकाळी आम्ही सगळे जलाशयाच्या किनाऱ्यावर गेलो. पश्चिमेकडे सूर्य मावळत होता आणि गडाची सावली पाण्यावर पडली होती. सरांनी धरणाची माहिती सांगितली. हे दगडी धरण इंग्रजांच्या काळात १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन धरण असे नाव पडले.

मी विचारले, “आजोबा, एवढे मोठे धरण जवळ आहे. मग वाडीला पाणी का मिळत नाही?”

आजोबा हसले. “धरण खाली, वाडी वर. पाणी कधी डोंगर चढतं का? पावसाळ्यात इथं इतका पाऊस पडतो की चार दिवस सूर्य दिसत नाही. पण ते सगळं पाणी उतारावरून पळून जातं. उन्हाळ्यात हा ओढा आटतो. मग त्या झऱ्यावर रांग लागते.”

“आणि हा ओढा पुढे कोठे जातो?” सलीमने विचारले.

“कोठे जातो म्हणजे? हीच तर प्रवरा! रतनगडावर तिचा उगम आहे. इथं ती लहान पोर आहे, म्हणून तुम्ही तिला ओढा म्हणता.”

सरांनी काठीने वाळूत नकाशा काढला. रतनगडावर उगम. मग हा जलाशय. त्यापुढे रंधा धबधबा. मग अकोले, संगमनेर, नेवासे ही गावे. शेवटी गोदावरीशी संगम. गोदावरी पुढे तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत या पाण्यावर किती शेते पिकतात, किती गावे पाणी पितात! आम्ही सकाळी ज्या पाण्यात फेसाच्या होड्या सोडल्या होत्या, ते पाणी एवढ्या लांबच्या प्रवासाला निघाले होते. नकाशाकडे बोट दाखवून फारुक हळूच म्हणाला, “म्हणजे सर, या सगळ्यांच्या वरच्या अंगाला आपण बसलो होतो.”

त्या रात्री खाचराच्या मधोमध आम्ही लहानशी शेकोटी पेटवली. जंगलातून लाकूड आणायचे नाही, असा नियम होता. म्हणून आजोबांनी आपल्या घरची लाकडे दिली. वाडीतली मुलेही शेकायला आली. त्यांनी आम्हांला काजव्यांविषयी सांगितले. पावसाळ्याच्या तोंडावर येथील झाडांवर हजारो काजवे चमकतात आणि ते पाहायला दूरदूरचे लोक येतात. आम्ही त्यांना यंत्रमागावर साडी कशी विणतात ते सांगितले. झोपण्यापूर्वी सरांनी शेकोटीवर पाणी ओतायला लावले, राख ढवळायला लावली आणि पुन्हा पाणी ओतायला लावले. राखेला हात लावून ती थंड झाल्याची खात्री केल्यावरच आम्ही तंबूत गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू काढले. मेखांची भोके मातीने बुजवली. खरकट्याचा खड्डा भरून टाकला. पेंढा गोळा करून आजोबांच्या गोठ्यात नेऊन दिला. मग चोवीस मुले एका ओळीत उभी राहिली आणि खाली पाहत हळूहळू सारे खाचर चालून गेली. दोन गोळ्यांचे कागद, एक रबरी कडी आणि दोराचा एक तुकडा सापडला. ते सर्व आम्ही पिशवीत भरून बरोबर घेतले.

निघताना ती मुलगी डवऱ्यावर आली होती. सलीम धावत तिच्याकडे गेला. “डवऱ्याचे पाणी आता चांगले आहे का?” त्याने विचारले.

तिने उत्तर दिले नाही. तिने ओंजळ भरली आणि पाणी पिऊन दाखवले. मग ती हसली. आम्हांलाही हायसे वाटले.

रात्री मालेगावला पोहोचलो. बसस्थानकावरून घरी जाताना मोसम पूल लागतो. सलीम आणि मी पुलावर थांबलो. खाली अंधारात मोसम नदी होती. पाणी थोडे होते आणि त्यात पिशव्या व कचरा अडकला होता. त्या पुलावरून मी हजार वेळा गेलो होतो, पण थांबून खाली पाहिले नव्हते.

सलीम म्हणाला, “ही नदी कोठून येते रे?”

“साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातून. भूगोलात आहे.”

“म्हणजे तिथे तीही ओढाच असेल.”

त्याच्या हातात वाटेत खाल्लेल्या फुटाण्यांची रिकामी पिशवी होती. त्याने ती घडी करून खिशात ठेवली. मग आम्ही घराकडे चालू लागलो. समोरून यंत्रमागांची खटखट ऐकू येत होती.

शब्दार्थ

शिबिर – तंबूत किंवा एका ठिकाणी एकत्र राहण्याचा कार्यक्रम. विजेरी – टॉर्च. जलाशय – पाण्याचा मोठा साठा. अभयारण्य – वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवलेले जंगल. खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. ओढा – लहान प्रवाह, नाला. मेख – तंबूचा दोर बांधण्यासाठी जमिनीत ठोकायची खुंटी. पेंढा – भाताच्या कापणीनंतर उरलेल्या वाळलेल्या काड्या. शीत – शिजलेल्या भाताचा एक दाणा. डवरा – पाण्यासाठी वाळूत खणलेला खड्डा. करवंटी – नारळाच्या कवचाचा अर्धा भाग. चुंबळ – ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. खेप – फेरी. उपसणे – पाणी काढून टाकणे. हिंदकळणे – पाणी भांड्यात हलणे. ओंजळ – दोन्ही हातांचे तळवे जोडून केलेला खोलगट आकार. उगम – नदी जेथे सुरू होते ती जागा. संगम – दोन नद्या एकत्र मिळतात ती जागा.

वाक्प्रचार

कान देऊन ऐकणे – लक्षपूर्वक ऐकणे. डोळा लागणे – झोप लागणे. मान खाली घालणे – लाज वाटणे. जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे. हायसे वाटणे – मनावरचा ताण कमी होणे.

टिपा

रतनवाडी – अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील गाव. येथे अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आहे.

स्काऊट – मुलांना स्वावलंबन व सेवा शिकवणारी चळवळ. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी मुलांचे पहिले शिबिर भरवले. भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) मुलांनी तंबूत पेंढा का पसरला?
(इ) लेखकाला पहिल्या रात्री झोप का येईना?
(ई) प्रवरा नदीचा उगम कोठे आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आजोबांनी ओढ्याच्या पात्रात तंबू लावू का दिला नाही?
(आ) मुलीने कळशीतले पाणी का ओतून दिले?
(इ) धरण जवळ असूनही वाडीला पाणी का मिळत नाही?
(ई) भांडी घासण्याची कोणती रीत सरांनी शिकवली?

प्र. ३. सविस्तर उत्तर लिहा.
(अ) ‘चूक तिघांची आहे, पण पथक एकच आहे,’ असे सर का म्हणाले? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते का? कारणे द्या.
(आ) सलीमने रिकामी पिशवी खिशात का ठेवली असेल, ते तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) भंडारदऱ्याचे धरण ........ साली पूर्ण झाले.
(आ) गडाच्या माथ्यावरील आरपार छिद्राला ........ म्हणतात.
(इ) प्रवरा नदी शेवटी ........ नदीला मिळते.

प्र. ५. वरील वाक्प्रचारांपैकी कोणतेही तीन स्वतःच्या वाक्यांत वापरा.

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा. थंड, रिकामा, उंच, योग्य, जवळ.

भाषाभ्यास

(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन लिंगे आहेत – पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. उदाहरणे पाहा: तो ओढा (पुल्लिंग), ती नदी (स्त्रीलिंग), ते पाणी (नपुंसकलिंग). उर्दूत ‘पानी’ हा शब्द पुल्लिंगी आहे; मराठीत मात्र ‘ते पाणी चांगले आहे’ असे म्हणतात. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा: तंबू, जंगल, कळशी, झाड, हंडा, राख, शिखर.

(आ) सामान, तयारी, आवाज, हवा, जमीन, किनारा, मेख हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून व तुमच्या बोलण्यातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम

तुमच्या गावातील नदी किंवा ओढा कोठे उगम पावतो, तो कोणत्या गावांतून वाहतो आणि पुढे कोणत्या नदीला मिळतो, याची माहिती मोठ्या माणसांकडून मिळवा. त्याचा नकाशा काढून वर्गात लावा.